खुलासा : ‘काहेर-३१३’चा तो फोटो उड्डाणाचा नाही
साताऱ्यातल्या माजी सैनिकांच्या ग्रुपांवर इराणचं ‘रडारला न दिसणारं’ लढाऊ विमान काहेर-३१३ बर्फाळ डोंगरावरून उडताना दाखवणारा फोटो फिरतोय. तो जोडकाम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये इराणनं हे विमान जगाला दाखवलं. मागोमाग आलेल्या या फोटोतला बर्फाळ डोंगर, म्हणजे इराणमधला दमावंद पर्वत, दुसऱ्याच छायाचित्रातून उचललेला निघाला. गोम विमानातही होती. हवा आत घेणारी तोंडं फारच लहान, नाकात रडार मावणं कठीण, मागे तप्त वायूंसाठी धड नोझल नाही. आफ्टरबर्नर (जादा जोरासाठी इंजिनामागे आणखी इंधन जाळणारी यंत्रणा) पेटवला तर शेपटाकडचा सांगाडाच वितळायचा. (एवढ्याशा कॉकपिटमध्ये वैमानिकाचे गुडघे कुठे मावणार, हा वेगळाच प्रश्न.) २०१७ मध्ये सुधारित नमुना धावपट्टीवर पळताना दिसला. पळणं म्हणजे उडणं नव्हे. म्हणून इराणचं सगळंच थोतांड समजू नका : रशियानं वापरलेल्या इराणी शाहेद ड्रोनचे अवशेष युक्रेनमध्ये ढिगानं सापडलेत.