गोळी, शिरा आणि बंड्या

कुत्र्याला गोळी कशी द्यायची हे डॉक्टरांनी आम्हाला नीट दाखवलं होतं. जबडा उघडायचा, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटून गळ्यावरून हात फिरवायचा; तो आपोआप गिळतो. बंड्या दवाखान्यात गिळायचाही. घरी मात्र गोळी गालात धरून, शेपूट हलवत, अत्यंत प्रामाणिक चेहऱ्याने निघून जायचा. दिवाळीच्या साफसफाईत दिवाण सरकवला, तर खाली औषधाचं दुकान निघालं.

मग आईने शिरा सुरू केला. साजूक तुपातला, साखर नावापुरती. कुत्र्यांना बेदाणे विषारी, म्हणून त्याच्या शिऱ्यातून ते गेले. दोन शिरे कोण करत बसणार, म्हणून आमच्याही शिऱ्यातून गेले. कांदा-लसूणही त्याला वर्ज्य. आमच्या घरात चातुर्मास कधी कोणी पाळला नव्हता, तो बंड्याने बारा महिने पाळला.

त्याला पंधरा पूर्ण झाली तेव्हा सोसायटीतले एक काका म्हणाले, "गुणिले सात करा की, एकशे पाच!" बाबा बँकेतून निवृत्त झालेले. असले ठोकताळे त्यांना सहन होत नाहीत. सॅन डिएगोच्या संशोधकांनी लॅब्राडॉरच्या डीएनएवरून २०२० साली मांडलेलं सूत्र त्यांनी हुडकून काढलं: वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम गुणिले १६, अधिक ३१. उत्तर आलं ७४. बाबा एकदम गप्प झाले. त्यांनाही नुकतीच चौऱ्याहत्तर झाली होती. बंड्या लॅब्राडॉर नाही, असं मी सुचवून पाहिलं, पण तोवर दोघांची युती झाली होती.

रात्री दोनला बंड्या उठायचा आणि दाराच्या बिजागरीकडे तोंड करून उभा राहायचा, ते तिकडून उघडेल म्हणून. म्हातारपणी कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंश होतो, रात्रीचा दिवस होतो, असं डॉक्टर म्हणाले. बाबा उठायचे, त्याला कडीच्या बाजूला सरकवायचे. "अरे, इकडून!" त्याला ऐकू येत नव्हतं. तुपात रवा पडलेला मात्र तो नाकाने ऐकायचा.

आषाढात, एका दुपारी, झोपेतच गेला. गोळ्यांची नवी पट्टी आदल्या दिवशीच आणलेली. औषधवाला परत घेईना, तेव्हा बाबा भर दुकानात रडले. दुकानदाराने घाबरून पैसे काढून दिले. बाबांनी ते मोजून घेतले, हेही सांगायला हवं.

आता घरात बाबांची रक्तदाबाची गोळी तेवढी उरलीय, आणि ती घ्यायला ते रोज कुरकुर करतात.

"त्याला शिऱ्यातून द्यायचीस."

"तुम्हाला तूप बंद आहे," आई म्हणते.

काल तिलाच दया आली. "बरं, चमचाभर तुपात करते थोडा. बेदाणे घालू?"

"छे, ते विषारी असतात," बाबा म्हणाले.