भावोजी, ही पोरं विकायची नाहीत

गेल्या रविवारी, 28 सप्टेंबर 2025 ला, आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला सकाळी साडेदहापासून घर भरलं होतं. दुबईला एशिया कपची फायनल. पाकिस्तान 146 वर गुंडाळला गेला, कुलदीपने चार काढले, तिलक वर्मा 69 वर नाबाद राहिला आणि रिंकू सिंगने चौकार मारून विषय संपवला. (याच नावाचा दुसरा एक रिंकू सिंग 2008 साली भालाफेक सोडून पिट्सबर्ग पायरेट्सकडे बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, म्हणून आला होता. माझ्या धाकट्याला हे सांगितलं तर त्याला अजून खरं वाटत नाही.) नवरात्र असल्यामुळे उपासवाल्यांची साबुदाण्याची खिचडी आणि बाकीच्यांचा वडापाव, दोन्हींचा फडशा पडला. पाहुणे उठले, आणि जे चार-पाच चिवट लोक उरले त्यांनी चॅनल बदलला. मायामीला तीन-दहाला मेट्सची मॅच होती.

आमच्या भावोजींना मेट्सचे तरुण पिचर देऊन एक मोठं नाव आणायचंय, आणि माझं त्यांच्याशी त्यावरून भांडण आहे. पण आधी भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात. मेट्स म्हणजे न्यूयॉर्कची दुसरी बेसबॉल टीम. पहिली यँकीज, तिच्याबद्दल मी या भिंतीवर काही लिहिणार नाही. सीझनच्या 162 मॅचेस असतात. 161 झाल्या तेव्हा मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स प्लेऑफच्या शेवटच्या जागेसाठी बरोबरीत होते. आपसातल्या मॅचेस रेड्सने जास्त जिंकलेल्या, त्यामुळे बरोबरी सुटली नाही तर जागा त्यांची. त्या दिवशी रेड्स मिलवॉकीला 4-2 हरले. म्हणजे ताट वाढून समोर ठेवलेलं. आपण फक्त मायामीच्या मार्लिन्सना हरवायचं होतं.

आपण 4-0 हरलो. मॅचमध्ये नऊ इनिंग असतात; चारही रन एकाच इनिंगमध्ये, चौथ्या. पाचव्यात तिन्ही बेसवर आपली माणसं उभी आणि आपल्या पीट अलोन्सोने बॉल असा हाणला की बॅटवरून तो ताशी 116 मैलांच्या आसपास निघाला. तो गेला कुठे, तर लेफ्ट फील्डरच्या हातात. शेवटी लिंडॉरचा डबल प्ले, म्हणजे एका बॉलवर दोन आउट, आणि खेळ खलास. 83 जिंकल्या, 79 हरल्या, घरी बसा.

आमचे भावोजी शे स्टेडियमच्या, म्हणजे मेट्सच्या जुन्या मैदानाच्या, काळापासूनचे मेट्सवाले. ते टीव्ही बंद न करता म्हणाले, "वहिनी, पुन्हा मार्लिन्स." ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: 2007 ला 17 मॅचेस उरल्या असताना मेट्स सात मॅचेसनी पुढे होते, तरी शेवटच्या दिवशी मार्लिन्सकडून हरून बाहेर. टॉम ग्लॅविनने त्या दिवशी एकच बॅट्समन बाद केला आणि सात रन दिल्या. 2008 ला पुन्हा शेवटच्या दिवशी, पुन्हा मार्लिन्स, तारीख 28 सप्टेंबर. ती शे स्टेडियममधली शेवटची मॅच होती, त्यानंतर ते पाडलं. भावोजी त्या दोन्ही मॅचेसना हजर होते. घरात आम्ही त्यांच्याकडे थोड्या संशयानेच बघतो.

तर आता खरा मुद्दा. आठवडाभर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे चाललंय त्यावर मला बोलायचंय आणि तिथे कोणी बोलू देत नाही.

ग्रुपचं म्हणणं असं की सगळं बिघडलं ते 12 जूनला. त्या दिवशी मेट्स 45-24 (45 जिंकलेल्या, 24 हरलेल्या) होते, आख्ख्या बेसबॉलमध्ये सगळ्यात वर. त्या दुपारी आपला पिचर कोडाई सेंगा पहिला बेस कव्हर करायला धावला, अलोन्सोचा थ्रो उंच आला, सेंगाने उडी मारून तो पकडला आणि मांडी धरून खाली बसला. तेव्हा त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या रन, 1.47 होता. परत आल्यावर तो सेंगा राहिलाच नाही. सप्टेंबरमध्ये सिरॅक्यूजला, खालच्या टीममध्ये पाठवावं लागलं. 12 जूननंतर मेट्सचा हिशोब 38-55. म्हणून सगळे म्हणतात, तो एक थ्रो.

मला हे पटत नाही. 93 मॅचेस एका थ्रोमुळे जात नाहीत. एका माणसाची मांडी धरली की सगळा डोलारा कोसळतो, तर तो डोलारा उभा कसा केला होता ते विचारा. गेल्या हिवाळ्यात हुआन सोतोला 15 वर्षांसाठी 76 कोटी 50 लाख डॉलर दिले. माझी त्याला हरकत नाही, त्याने बॅटिंगने पैसे वसूल केले. पण पिचिंगमध्ये काय आणलं? क्ले होम्स, जो यँकीजकडे शेवटच्या एक-दोन इनिंग टाकायचा, त्याला पहिल्यापासून टाकायला लावलं. फ्रँकी मोंटास, ज्याचं कोपर गेलं. ग्रिफिन कॅनिंग, बिचारा बरा टाकत होता, त्याची टाचेमागची शीर तुटली. मनाया आला तोच उशिरा. टायलर मेगिल ऑपरेशनला. एकेक जण वाईट होता असं नाही, पण या यादीत कोणाहीपुढे "हा आज सहा इनिंग टाकणारच" असं लिहिता आलं असतं का? फक्त डेव्हिड पीटरसन, आणि ऑगस्टपर्यंत तोही दमला.

सहा इनिंगचं महत्त्व क्रिकेटवाल्यांना पटकन कळत नाही म्हणून सांगते. सुरुवातीचा पिचर चौथ्या इनिंगमध्ये उठला की उरलेल्या पाच इनिंग मागच्या पोरांनी टाकायच्या. आज टाकल्या, उद्याही टाकायच्या, परवाही. जुलै संपता संपता त्यांचे हात मेलेले असतात. मग मॅनेजर नवीन माणूस बोलावतो, जुन्याला खाली पाठवतो. मेट्सने यंदा चाळीसहून जास्त पिचर वापरले. मला अर्ध्यांची नावं सांगता येणार नाहीत आणि मी रोज बघते! शेवटच्या रविवारीसुद्धा हेच. सीझन पणाला लागलेला आणि मनाया दुसरी इनिंगसुद्धा पूर्ण करू शकला नाही, मग एकामागून एक दारातून येतायत. जुलैअखेर मेट्सचा कारभार बघणाऱ्या डेव्हिड स्टर्न्सने खरेदी केली तीसुद्धा मागच्या फळीची: हेल्सली, रॉजर्स, ग्रेगरी सोतो. सुरुवात करणारा एकही नाही. हेल्सलीला तर बघवत नव्हतं. घराचं छत गळतंय आणि आपण बादल्या आणतोय.

त्यात बॅटिंगवालेही सुटत नाहीत. आठव्या इनिंगनंतर मागे असताना वर्षभरात एकही मॅच फिरवली नाही, एकही. 34 कोटी डॉलरच्या आसपास पगार घेणारी टीम. पण हे वेगळं रडगाणं आहे, आज नको.

आता पोरांकडे येते, कारण भावोजींशी माझं भांडण तिथे आहे.

16 ऑगस्टला नोलन मॅक्लीन नावाचा पोरगा पहिल्यांदा सिटी फील्डवर, मेट्सच्या आताच्या मैदानावर, उभा राहिला. कॉलेजात हा बॅटिंगही करायचा आणि पिचिंगही, त्याआधी अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक. सिअ‍ॅटलविरुद्ध अडचणीत आला असताना बॉल सरळ त्याच्याकडे परत आला, त्याने पाठीमागे हात नेऊन तो पकडला आणि डबल प्ले करून टाकला. आमच्या धाकट्याने ती क्लिप इतक्या वेळा बघितली की शेवटी मी फोन काढून घेतला. मॅक्लीनचा स्वीपर, म्हणजे आडवा वळणारा बॉल, बघताना उजव्या हाताचे बॅट्समन मागे सरकतात आणि बॉल प्लेटच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. फिलाडेल्फियासारख्या तगड्या टीमला आठ इनिंग एक रन दिली नाही. पहिल्या चारही मॅचेस जिंकल्या. एकूण आठ मॅचेस, 48 इनिंग, 57 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅट्समन बाद), ईआरए 2.06. बाकी टीम बुडत असताना.

मग जोना टाँग, कॅनडाच्या मार्कहॅमचा, 22 वर्षांचा. हात सरळ डोक्यावरून आणतो, शरीर असं वाकवतो की आमच्या शेजारणीने विचारलं, याला दुखत नाही का? खालच्या लीगमध्ये यंदा त्याच्याइतके, 179, स्ट्राइकआउट कोणीच काढले नाहीत. 29 ऑगस्टला पहिली मॅच, टीमने 19 रन करून दिल्या, सगळं गोड गोड. आणि दोनच आठवड्यांनी, 12 सप्टेंबरला, समोर टेक्सासकडून कोण, तर जेकब डीग्रॉम! मेट्सचा लाडका, दोन वेळा साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, मिळवून गेलेला, टेक्सासला गेल्यापासून सिटी फील्डवर पहिल्यांदाच टाकणारा. आम्ही एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन आणि तिथून पुढे, मुलांना शाळेतून लवकर काढून गेलो होतो. लोक डीग्रॉमसाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आपल्या पोराला मात्र पहिली इनिंगसुद्धा पूर्ण करता आली नाही. दोन आउट, सहा रन. टाँग आत जाताना आमच्या पुढच्या रांगेतले एक आजोबा एकटेच हळूहळू टाळ्या वाजवत होते. बाकी लोक डोक्यावर हात मारत बिअर आणायला गेले.

तिसरा ब्रँडन स्प्रोट. मेट्सने याला दोनदा निवडलं: 2022 ला निवडलं तेव्हा तो सही न करता फ्लोरिडाला कॉलेजात परत गेला, पुढच्या वर्षी पुन्हा निवडलं. पहिलीच मॅच त्याच सिनसिनाटीत. सहा इनिंग छान टाकल्या आणि हरला. तेव्हाच ती एक मॅच जिंकली असती तर... जाऊ दे.

भावोजींचं म्हणणं, टाँग आणि स्प्रोट द्या आणि डेट्रॉइटहून टॅरिक स्कूबल आणा. मंगळवारी स्कूबलने क्लीव्हलंडविरुद्ध 14 जणांना स्ट्राइकआउट केलं तेव्हापासून ग्रुपवर दुसरा विषय नाही. गेल्या वर्षीचा साय यंग त्याचाच. माणूस थोर आहे, वाद नाही. पण त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलंय. एका वर्षासाठी सहा-सहा वर्षं आपल्याकडे राहणारी पोरं द्यायची?

आणि मोठी नावं आणून बघितली आहेतच की. 2023 ला शर्झर आणि वर्लँडर, दोघांना वर्षाला प्रत्येकी 4 कोटी 33 लाख डॉलर, दोघेही भावी हॉल ऑफ फेमवाले. ऑगस्ट उजाडेपर्यंत दोघांनाही दुसरीकडे धाडलं.

भावोजींकडे यावर उत्तर आहे आणि ते मला छळतं. ते म्हणतात, वहिनी, तुम्ही नव्या, तरुण हातांचं काय होतं ते बघितलेलं नाही. नव्वदच्या दशकात विल्सन, इझरिंगहाउझन, पल्सिफर असे तीन आणले होते, पोस्टर लागली होती, तिघांचेही हात गेले. 2015 ला हार्वी, डीग्रॉम, सिंडरगार्ड, मॅट्झ. वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत, गेलो आणि तिथे पाचव्या मॅचमध्ये हार्वीने आठ इनिंग शून्यावर टाकल्यावर "नववीही मीच टाकणार" म्हणून हट्ट धरला, मॅनेजर विरघळला, मॅच गेली. पुढच्या वर्षी हार्वी ऑपरेशन टेबलवर.

हे सगळं खरं आहे. पण यातून "विकून टाका" कसं निघतं? यातून "जपून वापरा" निघतं. आमचा धाकटा लिटल लीगमध्ये पिचिंग करतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला तिथे एका दिवशी 85 च्या वर पिच टाकता येत नाहीत आणि 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. मोजायला आईबापांपैकी कोणीतरी बसतं, बहुतेक मीच, हातात देवाचा जप करतात तसलं टिकटिक करणारं काउंटर. समोरच्या टीमची आई शेजारी तिचं काउंटर घेऊन, आणि दर इनिंगला आम्ही आकडा जुळवतो. 60 झाले की कोच माझ्याकडे बघायला लागतो, आणि पोरगा मुद्दाम माझ्याकडे बघत नाही.

म्हणून माझं म्हणणं हे. पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी बॉल मॅक्लीनच्या हातात द्या, त्यात चर्चा नको. टाँगला सिरॅक्यूजला सुरुवात करू द्या, मे-जूनमध्ये आणा. त्याला अजून एक बरा ब्रेकिंग बॉल, म्हणजे वळणारा बॉल, हवाय; नुसते फास्टबॉल आणि चेंजअप (फसवा हळू बॉल) टाकले तर मोठे बॅट्समन दुसऱ्या फेरीला ओळखतात. स्प्रोटला सहावा पिचर ठेवा. होम्सने शेवटून दुसऱ्या दिवशी, सगळं पणाला लागलेलं असताना, सहा इनिंगमध्ये एक हिट दिला, तेव्हा तो राहू दे. सेंगाबद्दल मी काहीच धरून चालत नाही, आला तर बोनस. आणि पैसे खर्च करायचेच असतील तर फ्रॅम्बर व्हाल्डेझसारखा माणूस घ्या, जो दर पाचव्या दिवशी येतो आणि सहा-सात इनिंग टाकून निमूट जातो. त्यासाठी फक्त पैसे लागतात, आणि मालक स्टीव्ह कोहेनकडे दुसरं काही नसलं तरी ते आहेत.

काल बातमी आली की पिचिंग कोच जेरेमी हेफनरला काढलं. कोणाला तरी काढायचंच होतं. पण त्याच्या हातात जे पिचर दिले ते वरच्या मजल्यावरच्यांनी निवडलेले होते, आणि ते तिथेच आहेत.

अलोन्सोने करार मोडून बाजारात जाणार म्हणून सांगितलंय, शेवटची इनिंग टाकणारा डियाझही जाऊ शकतो. दोघांसाठीही जीव तुटतो, अलोन्सोसाठी जास्त. पण त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, ही आधीच लांबली.

तर भावोजी, कोजागिरीला येताय तेव्हा दुधाचा पेला हातात घेऊन पुन्हा तोच विषय काढणार आहात हे मला माहीत आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. स्कूबल हवाय ना? 2026 संपलं की तो मोकळा होतोय. तोवर तुम्ही कळ काढा आणि मग कोहेनला चेक फाडू द्या. टाँगला हात लावायचा नाही.