पीएल-२५९ फेकून देऊ नका

पीएल-२५९ आणि एन-टाइप हे रेडिओला अँटेनाची केबल जोडायचे दोन प्रकारचे कनेक्टर. ‘पीएल-२५९ कनेक्टर कचऱ्यात टाका, प्रत्येक जोडणीत अर्धा डीबी (शक्तीची घट मोजायचं माप) जातो. सगळीकडे, अगदी हँडीलाही (हातात धरायच्या रेडिओलाही), एन-टाइप लावा. तो पाण्याला दाद देत नाही’ असा सल्ला हॅम मंडळींत, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांत, फिरतो आहे. तो वाचून नवखी मुलं चांगले चालणारे कनेक्टर कापून टाकतात, याचं वाईट वाटतं.

आधी त्या अर्ध्या डीबीचा हिशोब. १०० वॉटवर अर्धा डीबी म्हणजे जवळपास ११ वॉट, आणि ते जिरणार उष्णता होऊन. एवढ्याशा धातूत ११ वॉट सतत जिरले तर काही मिनिटांत त्याला हात लावणं अवघड होईल. डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) जोडून एचएफवर (३० मेगाहर्ट्झखालच्या बँडवर) थोडा वेळ कॅरिअर (आवाजाशिवाय नुसती रेडिओलहर) सोडा, प्रसारण थांबवा आणि कनेक्टर चाचपून पाहा. सोल्डर नीट असेल तर तो तापलेला नसतो. तापलाच, तर आधी कच्चं सोल्डर तपासा. केबलच्या बाहेरच्या तारजाळीचं सोल्डर करतानाच बहुतेकांचं फसतं.

आक्षेप खरा ठरतो तो वरच्या बँडवर. १९३०च्या दशकातल्या या कनेक्टरचा इम्पिडन्स (रेडिओलहरीला होणारा विद्युत विरोध) आतून केबलसारखा ५० ओहम राहत नाही, खाली घसरतो. २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झ) दोन-तीन सेंटिमीटरच्या त्या तुकड्याचा पत्ताही लागत नाही. १४५ मेगाहर्ट्झवरही सहसा चालून जातं. ४३२ला मात्र तरंगलांबीच ७० सेंटिमीटर, तिथे परावर्तन (शक्ती मागे फिरणं) जाणवू लागतं. तिथे एन-टाइपच हवा, यावर माझाही आग्रह आहे.

पाण्याचं म्हणाल, तर एन-टाइपमधली रबरी रिंग नर-मादीमधली फट बंद करते; केबलच्या बाजूची पकड सैल असेल तर पाणी तिथून शिरतंच. कोकणातल्या पावसात दोन्ही कनेक्टरांना सेल्फ-फ्यूजिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप हवी, आणि पाणी निथळायला केबलला खाली वळसा हवा.

शक्ती खरी जाते केबलमध्ये. ३० मीटर पातळ आरजी-५८ केबल वापरली तर १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे ६ डीबी, म्हणजे तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच संपते. जाड आरजी-२१३ घेतली तर हेच नुकसान अडीच-पावणेतीन डीबीवर येतं. पैसे तिथे घाला.

हँडीला अडॅप्टरने एन-टाइप जोडून जाड केबल लटकवणं तर घातकच. हँडीचं एसएमए सॉकेट (अँटेना लावायची छोटी जोडणी) नाजूक असतं, त्या वजनाने ते बोर्डावरून उखडतं. मध्ये पातळ, लवचीक केबलचा छोटा तुकडा घाला आणि जाड केबलचा भार टेबलावर राहू द्या.