हप्ते फिटले, पेढे वाटले, कागद कुठाय?

काल परत हाफ डे टाकून हाऊसिंगच्या ऑफिसात जाऊन आले. कुठलं ऑफिस ते लिहित नाही, बिल्डिंग आणि जमीन सोसायटीच्या नावावर करायची आमची फाईल अजून त्यांच्याच कपाटात आहे आणि मला ती बाहेर काढायचीय. सोसायटीची सेक्रेटरी सध्या मी, म्हणजे एजीएमला उशिरा पोचले आणि तोवर बाकीच्यांनी ठराव करून टाकला होता.

1993 ला बाबांना विक्रोळीत सरकारी घर लागलं. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीतून आम्ही पाच जण इकडे आलो, आईला घरातल्या घरात संडास मिळाल्याचं एवढं कौतुक की आलेल्या पाहुण्याला ती पहिला तोच दाखवायची. हायर परचेसचं घर, पंधरा वर्षं हप्ते, एकही चुकला नाही. 2008 ला शेवटचा भरला तेव्हा बाबांनी अख्ख्या विंगला पेढे वाटले, आता घर आपलं म्हणून. 2019 ला बाबा गेले. प्रॉपर्टी कार्डवर नाव अजून सरकारचंच.

शेजारचे काका म्हणतात, अगं ताबापत्र आहे, लाईट बिल आपल्या नावावर, शेअर सर्टिफिकेट आपल्या नावावर, अजून काय पाहिजे. काका, ताबापत्र म्हणजे चावी मिळाली याची पोच, बाकी काही नाही. शंभर रुपयांची किंवा त्यावरची स्थावर मिळकत रजिस्टर दस्ताशिवाय विकत घेतली असं होतच नाही, हे 1882 च्या कायद्यापासून आहे, आणि 2011 ला सुप्रीम कोर्टानेही सांगून टाकलं की पॉवर ऑफ ॲटर्नीच्या कागदावर मालकी येत नाही. आमच्यात तर दोन दस्त लागतात, बिल्डिंगचं सेल डीड आणि खालच्या जमिनीचं लीज डीड, दोन्ही सोसायटीच्या नावाने. आमच्याकडे दोन्हीही नाहीत.

आता माझं डोकं कशाने फिरतं ते सांगते. प्रायव्हेट बिल्डरला मोफा कायद्यात, म्हणजे फ्लॅटवाल्यांसाठीच्या कायद्यात, सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावावर करायचा दस्त, करून द्यायला लागतो. नाही दिला तर 2008 पासून डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे जायचं, बिल्डर सही करो न करो काम होतं. म्हणजे ज्या वर्षी आमचे हप्ते फिटले त्याच वर्षी सरकारने बिल्डरांचे कान पिळले. चांगलंच केलं. पण स्वतःचं काय? आपण स्टॅम्प ड्युटी भरायला उशीर केला तर दर महिन्याला दोन टक्के दंड, मीटर चालूच. तिकडून दस्त सतरा वर्षं अडला तर त्याचा दंड कुणाला, तर कुणालाच नाही, उलट आम्हालाच विचारतात मॅडम इतके दिवस तुम्ही काय करत होतात!

कुणीतरी लिहीलच म्हणून आधीच सांगते, लोकसेवा हक्क कायदा माहितीये, 2015 चा, साहेबाला 500 ते 5000 दंड वगैरे. पण मुळात ती सेवा यादीत पाहिजे आणि मुदत मोजायची अर्ज परिपूर्ण झाल्यापासून. परिपूर्ण झाला की नाही हे कोण ठरवणार, तर तोच टेबलवाला. दर खेपेला एक नवीन कागद. आधी मोजणीचा नकाशा, मग कळलं की आमच्या तीन बिल्डिंगा एकाच सीटीएस नंबरवर, म्हणजे सिटी सर्व्हेच्या एकाच नंबरावर आहेत, हद्द कुठली कुणाची ते ठरलेलंच नाही, मग म्हणे डिमार्केशन होऊ दे. बत्तीस वर्षांपूर्वी लोकांना चाव्या देताना ही हद्द ठरवता येत नव्हती का?

आमचीही चूक आहे, लपवत नाही. सात जणांनी सेवाशुल्क थकवलंय आणि त्यांच्यामुळे नो ड्यूज, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, अडतो. चार घरं साध्या स्टॅम्प पेपरवर विकली गेली, ती माणसं आता फोन उचलत नाहीत. पण मग ज्याने सगळं फेडलंय त्याचा कागद तरी त्याला द्या ना, सात जणांसाठी बाकी तेहतीस जण का लटकवायचे?

आणि हे नुसतं फ्रेममध्ये लावायचं सर्टिफिकेट नाहीये हो. स्लॅबचे तुकडे पडतायत, रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू झाली की बिल्डरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, लीज डीड आहे का. नाही म्हटलं की त्याचा आवाज बदलतो आणि आमचे एक्स्ट्रा स्क्वेअर फूटही कमी होतात. भाऊ टॉप-अप लोनला गेला होता, बँकेने चहा पाजून परत पाठवला.

काल काय झालं तर, साहेब साइटवर. क्लार्क मुलगी चांगली होती बिचारी, फाईल उघडून म्हणाली ताई, 1996-97 च्या सेवाशुल्काच्या पावत्या लावलेल्या नाहीत. मी म्हटलं अगं तुमच्याच काउंटरवर भरलेत ना पैसे, तुमच्या लेजरला असतील की. म्हणाली ते रजिस्टर भिजलं.

तर सी विंगवाल्यांनो, विशेषतः जुन्या लोकांनो, या रविवारी माळे बघा. गुलाबी कागद, वर गोल शिक्का. त्या वेळचे खजिनदार बदलापूरला गेलेत, त्यांना मी फोन केलाय, त्यांची सून म्हणाली एक ट्रंक आहे, बघून सांगते. गुरुवारी परत जायचंय, अकराच्या आत, त्यानंतर टोकन देत नाहीत.