पित्ताचा कोर्स करावा तर असा

छातीत जळतं, ढेकर आंबट येतो, पहाटे घशाशी पाणी येऊन झोप मोडते, आणि हे काही आजकालचं नाही? मग तुम्ही कोर्स करण्याच्या लायकीचे झालात. नवख्या पित्तवाल्याचं हे काम नव्हे. तो कपभर थंड दूध पिऊन गप पडतो. तुमचा खाण्याचा सोडा पिऊन झाला, आवळासुपारी चघळून झाली, मेडिकलमधली गुलाबी बाटली तोंडाला लावून रिकामी झाली. आता ओळखीतला माणूस घरी येऊन विकतो, त्या पावडरीच्या डब्यालाच शरण जायचं. फक्त डबा कोणाकडून घ्यावा, कसा खावा आणि गुण नाही आला तर दोष कोणाला द्यावा, याची रीत ठाऊक हवी.

आधी दवाखान्याचा नाद सोडा. एसटीनं सेवाग्रामचा दवाखाना गाठलात आणि ओपीडीच्या रांगेत उभे राहिलात की तिथला पोरसवदा डॉक्टर नको ते विचारतो. रात्री जेवता किती वाजता, आडवे कधी होता, तंबाखू-सुपारीचा खर्रा दिवसाला किती, वजन वाढलं का. हे एक वेळ चालेल. पण कंबरेसाठी कोणती गोळी खाता, असं विचारलं की माणूस खरा अडचणीत येतो. कापूस वेचून आलं किंवा पाठीवर पंप घेऊन फवारून आलं की डायक्लोफिनॅकची एक गोळी, दुसऱ्या दिवशी आणखी एक, हे आपल्याकडे जेवणाइतकंच नेमाचं. ही दुखण्याची औषधं पोटाच्या अस्तराला इजा करतात, अल्सरपर्यंत नेतात. एवढं सगळं कोणापुढं कबूल करत बसायचं? डबा विकणारा यातलं काहीच विचारत नाही. ‘किती वर्षांपासून?’ एवढंच विचारतो, आणि आकडा मोठा निघाला की त्याचा चेहरा खुलतो.

डबा अनोळखी माणसाकडून घेऊ नये. भाचेजावई, साडभाऊ, निदान बायकोच्या माहेरगावचा कोणीतरी पाहिजे. म्हणजे नाही म्हणायची सोय राहत नाही, आणि पैसे परत मागायची तर नाहीच नाही. असा माणूस भर दुपारी गाडी लावतो, बॅग खाटेवर ठेवतो, चार रंगांचं माहितीपत्रक पसरतो आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवतो. मग सुरू होतो.

“मामाजी, तुमाले ॲसिड जास्त नाही, कमी हाये. म्हणूनच तं छातीत जयजय होते.”

“कमी हाये तं जयते कसं?”

“तेच तं सायन्स हाये ना मामाजी!”

इथं पुढचा प्रश्न विचारू नये. विचारलाच तर आतून मामीचा आवाज येतो, “सायन्स मांगून ऐका, चहा थंडा होऊन राह्यला,” आणि विषय मिटतो.

या सायन्सपोटी पहिली बाटली येते ती सफरचंदाच्या व्हिनेगरची. त्यात साधारण 5 टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. जठराला आम्ल सोसायची सवय असते, अन्ननलिकेला नसते. मधली झडप सैल झाली की आम्ल वर येतं आणि नळी भाजते. तुम्ही त्या भाजल्या जागेवरून आणखी आंबट उतरवा. सकाळी अनशापोटी, नाक दाबून. जास्तच जळलं तर घाबरायचं नाही, पत्रकात त्याचीही सोय आहे: ‘शरीरातली घाण बाहेर पडत आहे.’ हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढं फार कामाचं आहे.

कारण डबा सुरू करताना दवाखान्याची गोळी एका दिवसात बंद करायची असते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या घराण्यातली गोळी महिनोन्‌महिने खाऊन झटक्यात सोडली की दाबून ठेवलेलं आम्ल उसळी मारतं आणि काही आठवडे पहिल्यापेक्षा जास्त तयार होतं. म्हणून डॉक्टर अशी गोळी बहुधा हळूहळू उतरवतात. त्या आठवड्यांत छाती पेटली की समजायचं, घाण निघून राहिली. मग उसळी आपोआप ओसरते, तोवर तुमचा दुसरा डबा उघडलेला असतो. यश कोणाच्या खात्यावर पडणार, ते सांगायला नको. तसंही ती गोळी तुम्ही पानावरून उठता उठता घेत होतात. ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. पण असलं वाचायला आपण काय परीक्षेला बसलो आहोत?

दुसऱ्या डब्यात ज्येष्ठमध. आजीच्या बटव्यातलं आहे, निर्धास्त खा. त्यातल्या ग्लायसिरायझिन नावाच्या भागानं, जास्त प्रमाणात आणि बरेच दिवस घेतलं तर, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. तो भाग काढून टाकलेलं ज्येष्ठमधही बाजारात मिळतं. तुमच्या डब्यातलं त्यातलं आहे का, हे विचारू नका, भाचेजावयाला वाईट वाटेल. बीपी चढलाच तर त्याचा वेगळा डबा आहे. कोरफडीचा रस घरीच काढायची हौस असेल तर सालीखालचा पिवळा चीक तसाच राहू द्या. त्यानं जे जुलाब सुरू होतात त्यात वरची जळजळ माणूस साफ विसरतो. आणि पुदिन्याची गोळी चघळायला विसरू नका. पुदिना तीच झडप आणखी सैल करतो, पण तोंड कसं गार वाटतं!

अल्जिनेट नावाची एक गोष्ट आहे, समुद्री शेवाळापासून काढलेली. ती पोटातल्या अन्नावर साय धरल्यासारखी तरंगते आणि आम्ल वर येऊ देत नाही. खरंच उपयोगी पडते. पण ती मुकाट्यानं मेडिकलमध्ये बाटलीत मिळते, ती विकून कोणी बक्षिसाची स्कूटी जिंकत नाही. तेव्हा तिचा नाद सोडा.

डब्यावरचं काय वाचायचं आणि काय नाही, तेही शिकून घ्या. चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाद्यपदार्थांचा सरकारी परवाना नंबर, वाचा, मोठ्यानं वाचा, घरातल्या सगळ्यांना दाखवा, ‘सरकारमान्य’ म्हणा. चिवड्याच्या पाकिटावरही तसलाच नंबर असतो, हे मनात आणू नका. कायद्यानं हा डबा म्हणजे खाद्यपदार्थ, औषध नव्हे; रोग बरा करतो असं त्यावर छापताच येत नाही. उलट अशा पूरक आहाराच्या 2016 च्या नियमांप्रमाणं ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. ती ओळ इंग्रजीत असते आणि भाचेजावयाचा अंगठा नेमका तिच्यावर असतो. रोग बरा करायचं काम तो तोंडी करतो. तोंडाला लेबल नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही शेतकरी, आम्हाला कोणी असं बनवू शकत नाही. बरोबर आहे. कृषी केंद्रात खताच्या थैलीसोबत ह्युमिक नाहीतर सीवीडच्या पीक-टॉनिकची बाटली गळ्यात मारतात, तेव्हा तुम्ही किती शहाणे असता ते मी पाहिलं आहे. या टॉनिकांना 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या चौकटीत आणलं, पण तुम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून आपला आदेश चालवत होतात: पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, चार ओळींवर फवारा, चार ओळी सोडा, पंधरा दिवसांनी बांधावर उभं राहून बघा. फरक दिसला तर बाटली, नाहीतर दुकानदाराला शिवी. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर ‘हिरवं टॉनिकनं झालं नाही, पाण्यानं झालं,’ हेही तुम्हीच म्हणता. एवढी अक्कल पोटाच्या बाबतीत वापरू नका. पोटात ओळी सोडता येत नाहीत. जळजळ आज जास्त, उद्या कमी, सणाच्या आठवड्यात भडकलेली, नंतर आपसूक निवलेली, असं तिचं चालूच असतं. आणि माणूस डबा विकत घेतो तो नेहमी ती भडकलेली असते तेव्हाच. पुढं ती निवणारच होती.

एक धोका मात्र आहे. डब्यासोबत घडी घातलेला कागद असतो, त्याच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात पथ्य दिलेलं असतं. कोर्स चालू असताना तंबाखू-खर्रा बंद. चहा दोनच वेळा. तर्रीचं खाऊ नये. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. खाटेची डोक्याकडची बाजू विटा लावून वीतभर उंच करावी, डाव्या कुशीवर झोपावं. हे सगळं पाळून पावडर खाल्ली तर बहुतेकांना बरं वाटतं. म्हणून पथ्य एकटं, पावडरीविना, महिनाभर पाळून बघायचा विचार चुकूनही करू नका. सात हजारांचा कोर्स दोन विटांवर येईल आणि भाचेजावयाचं घर कसं चालेल?

तसं ते पथ्य आपल्याकडे पाळायचं म्हटलं तरी कोणी पाळून दाखवावं. कृषिपंपाची लाइन रात्रीची असली की माणूस ओलितावरून मध्यरात्री घरी येतो, गार झालेली भाकर आणि ठेचा पोटात ढकलतो आणि तिथंच लवंडतो. नाहीतर रानडुकरांपायी जागलीला मचाणावर बसतो. झोप येऊ नये म्हणून काय करणार? पन्नीत घोटलेला खर्रा. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे म्हणतात. पानठेल्यावर ती मला अजून भेटली नाही. निकोटिन झडप सैल करतं, उशिराचं जेवण पोट भरलेलं ठेवतं, आडवं पडणं उरलेलं काम करतं. हे दुरुस्त करायचं तर दिवसा वीज लागेल, रानडुकरांचा बंदोबस्त लागेल. ते काही डब्यात येत नाही. आलं तर त्याचीही किंमत सात हजारच सांगतील.

क्षणभर सरळ बोलतो. घास अडकायला लागला, वजन कारण नसताना उतरलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, तर डबा गेला उकिरड्यावर; एंडोस्कोपी होते त्या दवाखान्यात जा. छाती दाबल्यासारखी दुखून दुखणं हातात, जबड्यात उतरलं, दरदरून घाम सुटला, तर त्याला पित्त समजून सोडा पीत बसू नका, 108 लावा. झालं सरळ बोलून.

आता शेवटचा टप्पा. तीन डबे झाले, जळजळ आहे तिथंच आहे, तेव्हा भाचेजावई सांगेल की तुम्ही चुकीच्या बाजूनं पाहून राहिले मामाजी. खाणाऱ्याला गुण उशिरा येतो, विकणाऱ्याला लवकर. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनी साखळी योजनांना मनाई केली आहे, म्हणून याला साखळी म्हणायचं नाही, ‘परिवार’ म्हणायचं. तालुक्याच्या मंगल कार्यालयात परिवाराची बैठक असते. कोट घातलेला एक जण स्टेजवरून ‘कोणाकोणाचं पित्त गेलं?’ विचारतो आणि सगळे हात वर करतात. तुम्हीही करा, शेजारचा बघत असतो. मागच्या बाजूला तर्री-पोहे, आलूबोंडे आणि कडक चहा असतो. तर्री दोनदा मागून घ्या, तुमच्याच पैशाची आहे. मग अनुभव सांगायला बोलावतील. न लाजता जा, महिना झाला ढेकर नाही म्हणून सांगा, आणि बोलताना आलाच तर माइक थोडा लांब धरा.