बोर्ड शाबूत, लॅपटॉप भंगारात

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात मी लॅपटॉप दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर मदरबोर्ड जळालेली मशीन कमी येतात. जास्त येतात ती हिंज (झाकणाची बिजागरी) तुटलेली, बॅटरी फुगलेली, कीबोर्डवर चहा सांडलेली, चार्जिंगची पिन सैल झालेली. प्रोसेसर ठणठणीत, स्क्रीन ठणठणीत, तरी गिऱ्हाईक विचारतं, "यावर खर्च करू, की नवीनच घेऊ?" हा प्रश्न त्यांच्यावर आणलाय लॅपटॉप बनवणाऱ्यांनी, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

हिंजचंच घ्या. ते स्टीलचं असतं, पण ज्या पितळी नटांत ते आवळतात ते बऱ्याच स्वस्त मॉडेलांत प्लास्टिकच्या बॉडीत नुसते रुतवलेले असतात. काही वर्षांनी हिंज घट्ट होतं. आपण झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतो, सगळा जोर त्या प्लास्टिकवर येतो आणि नट मुळासकट उखडतात. मग आम्ही एम-सील भरून फॅब्रिकेशन करतो. कारखान्यातच धातूची पट्टी टाकून आरपार स्क्रू दिला असता तर ही वेळ आली नसती. मशीन एक-दोन मिलिमीटर जाड झालं असतं, एवढंच. होऊ दे की जाड! रोज पाठीवर लॅपटॉप घेऊन हिंजवडीच्या बसमध्ये उभं राहणाऱ्याला मजबूत मशीन हवं असतं.

बॅटरी तर झिजणारच. उन्हाळ्यातली उष्णता आणि कायम शंभर टक्के चार्ज, दोन्हींनी लिथियम-आयन लवकर थकते. जी वस्तू बदलावी लागणार हे आधीच माहीत आहे, ती गोंदाने का चिकटवायची? कीबोर्डही तसाच: वरच्या पॅनेलला प्लास्टिक वितळवून जोडलेला, त्यामुळे दोन बटणं गेली तरी अख्खं पॅनेल बदला.

रॅम बोर्डवर सोल्डर करण्यामागे मात्र खरं कारण होतं, ते मान्य करतो. कमी वीज खाणाऱ्या वेगवान रॅमला प्रोसेसरच्या अगदी जवळ राहावं लागतं. पण डिसेंबर २०२३ मध्ये जेडेकने, म्हणजे रॅमची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, कॅम-२ हे मानक जाहीर केलं. त्यात तशीच रॅम स्क्रूने बसवता आणि काढता येते. म्हणजे ती अडचणही सुटण्यासारखी आहे.

माझ्या मनातल्या लॅपटॉपची बॉडी पंधरा वर्षं टिकेल. मधल्या काळात बॅटरी, कीबोर्ड, पोर्ट आणि शेवटी बोर्डसुद्धा बदलेल. हे स्वप्नरंजन नाही. फ्रेमवर्क कंपनीच्या २०२१ च्या तेरा इंची मॉडेलमध्ये त्याच कंपनीचे नंतरचे नवे बोर्ड बसतात. बजाजची जुनी चेतक पुण्यात अजून दिसते, कारण तिचं काम कुठलाही मेकॅनिक करतो.

आणि हे फक्त पैशांचं नाही. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो बनतानाच होऊन गेलेला असतो. म्हणून मशीन दुप्पट वर्षं वापरणं हे रिसायकलिंगपेक्षा कितीतरी मोठं काम आहे. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे ती जेमतेम २२ टक्क्यांची.

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना त्याचे दुरुस्तीयोग्यतेचे गुण दाखवावे लागतात. युरोपियन युनियनच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे केंद्राचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल २०२२ पासून आहे, पण सुटे भाग किती वर्षं मिळतील हे खोक्यावर छापायची सक्ती हवी. ती आली तर माझं अर्धं भांडण मिटेल.

तोवर, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशननंतर मुलांसाठी लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा प्रोसेसरच्या आधी हे विचारा: बॅटरी स्क्रूने बसवलीय का, रॅम वाढवता येते का, या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर आहे का. काही कंपन्या त्यांच्या बिझनेस मॉडेलचं मॅन्युअल फुकट देतात, कुठला स्क्रू कुठे यासकट. ते सापडलं नाही, तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.