मिशी, मास्क आणि मालवणवाले काका

शनिवारचा राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहून टाकतो.

जानेवारीत आम्ही फोर्ट लॉडरडेलहून कॅरिबियन क्रूझला जातोय, ग्रँड केमन, कोझुमेल वगैरे. कोझुमेलला पालांकार नावाचं कोरल रीफ आहे, तिथे प्रवाहच तुम्हाला वाहून नेतो, पाय मारायचीही गरज नाही, हे बायकोने कुठेतरी वाचलं आणि माझ्या सुखाच्या आड समुद्र आला. कारण स्कूबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून खाली जायला सर्टिफिकेट लागतं. नसेल तर इन्स्ट्रक्टर तुम्हाला बाळासारखं धरून 12 मीटरच्या आत फिरवून आणतो. असेल तर 18 मीटर. "दहा वर्षांच्या मुलांना मिळतं हो हे सर्टिफिकेट, तुम्हाला काय धाड भरलीय," असं बायको म्हणाली. मुलगी बारा वर्षांची. दोघींचं सगळं पटापट झालं. अडकलो मी.

पहिली अडवणूक मेडिकल फॉर्मची. वय 45 च्या वर आहे का? आहे. मग बीपी, सिगरेट, कोलेस्टेरॉल यांतलं काही? कोलेस्टेरॉल आहे, आमच्या खानदानात ते दागिन्यांसारखं पुढच्या पिढीकडे येतं. झालं, एक 'हो' पडला की डॉक्टरची सही आणा. दवाखान्यातल्या काउंटरवरची बाई म्हणाली फॉर्म भरायची फी वेगळी, इन्शुरन्स देत नाही, आणि वेळ लागेल. फी भरली, वेळ लावला, डॉक्टरने माझ्या पोटाकडे एकदा बघितलं, "तुम्ही? स्कूबा?" एवढंच विचारलं आणि सही ठोकली. म्हणजे मी त्या "तुम्ही?"चे पैसे भरले. वर हाच फॉर्म बंदरावर परत भरायचाय, आणि ही सही सोबत नसेल तर बोट तुम्हाला धक्क्यावर सोडून जाते. क्रूझचं तिकीट स्वस्त असतं म्हणतात ना, ते खरंच आहे, कारण बाकी प्रत्येक श्वासाचे वेगळे पैसे असतात. पाण्याखालच्या तर अक्षरशः.

असो. शनिवारी डाइव्हच्या दुकानात मास्क, म्हणजे डोळ्या-नाकावर बसणारा तो काचेचा मुखवटा, घ्यायला गेलो आणि सोबत बायकोचे काका आले. काका सांगलीचे, सध्या आमच्याकडे न्यू जर्सीत मुक्कामाला. त्यांनी मालवणला एकदा स्कूबा केलंय आणि त्याचा व्हिडिओ फोनमध्ये आहे. त्यात काका मधोमध, भोवती पाव खायला आलेले मासे, आणि काकांच्या टाकीची मान मागून धरलेला एक हात. तो हात कोणाचा हे काका सांगत नाहीत. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी तो व्हिडिओ काउंटरवरच्या पोराला दाखवला. पोरगं विशीतलं, दंडावर ऑक्टोपस गोंदलेला, सगळ्यालाच 'ऑसम' म्हणणारं. काका खूश.

मास्कची परीक्षा अशी की पट्टा न लावता तोंडावर ठेवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला की तुमचा. माझा पडला. दुसरा दिला, तोही पडला. काळा, निळा, बायकांचा, सगळे पडले. मग त्या पोराने माझ्या नाकाखाली बोट दाखवून शांतपणे सांगितलं, मिशी आहे ना, तिथून पाणी शिरणार, काढून टाका.

"काय म्हणतोय?" काका.

"मिशी काढा म्हणतोय."

काका खुर्चीतून उठले. गुडघे दुखतात म्हणून आमच्याकडे पाण्याचा ग्लासही न उचलणारे काका. थेट काउंटरवर गेले आणि म्हणाले, "हिज फादर इज अलाइव्ह!"

"ऑसम," पोरगं म्हणालं.

"नो, नो. लिसन. फादर अलाइव्ह, सो नो कटिंग."

पोराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मग त्याने अगदी मनापासून विचारलं, "इज द फादर डायव्हिंग टू?"

"फादर इज इन मिरज!" काका ओरडले. मागे पंख म्हणजे ते फिन्स ट्राय करणारं एक जोडपं पायात फिन्स असतानाच वळून बघायला लागलं. काकांनी मग हाताने कापल्याची खूण केली, आकाशाकडे बोट दाखवलं, हात जोडले. बाप वारल्यावर मिशी काढतात हे सांगायचा प्रयत्न होता, पण त्या जोडप्यातली बाई हळहळून मला "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणाली. मी थँक्यू म्हणालो. काय म्हणणार?

"जावईबापू, मालवणला कोणी मिशी बघितली नाही हो," काका. "आत टाकलं, फिरवलं, बाहेर काढलं, वर गरम चहा. यांचंच काय सोवळं?"

तेवढ्यात पोरगं मुलीला नवीन मास्कची काळजी समजावत होतं: आधी टूथपेस्टने काच घासा, आणि पाण्यात उतरायच्या आधी आत थुंकून विसळा म्हणजे धुकं धरत नाही. काकांना 'स्पिट' बरोबर ऐकू आलं. "म्हणजे इथे थुंकलं की शास्त्र, आणि आम्ही थुंकलो की दंड." पुढे विषय निघाला डाइव्हनंतर लगेच विमानात न बसण्याचा. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या तर निदान 18 तास थांबायचं, कारण दाबाखाली नायट्रोजन अंगात विरघळतो आणि वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. हे मी काकांना नीट मराठीत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे गॅस धरतो. ओवा घेऊन जा."

हसू येतंय ना वाचताना? मला नाही आलं. मी पैसे देऊन, पोटाचा अपमान करून घेऊन, सर्टिफिकेटसाठी पोहण्याच्या तलावात 200 मीटर पोहून, दहा मिनिटं तरंगून दाखवून इथवर आलेला माणूस, आणि माझ्या मिशीवर एक ऑक्टोपस आणि एक सांगलीकर तह करत होते. तह असा ठरला: पूर्ण काढायची नाही, फक्त नाकाखालची वरची पट्टी भादरायची म्हणजे मास्कची कड कातडीवर बसेल, आणि उरलेल्या मिशीला सिलिकॉनचं ग्रीस चोपडायचं. ग्रीसची ट्यूब करंगळीएवढी. किंमत विचारू नका, काकांनी विचारली आणि परत खुर्चीत बसले.

घरी येऊन पट्टी काढली. मास्क चिकटला, हे कबूल. पण आता मिशी ओठावर सांडल्यासारखी दिसते. मुलगी माझ्याकडे न बघता जेवली. काकांनी तेवढ्यात फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली कसलंही स्पष्टीकरण नाही, नुसते जोडलेले हात.

रात्री उशिरा, म्हणजे तिकडे सकाळी, बाबांचा फोन.

"अरे, मी आहे अजून," ते म्हणाले. "शुक्रवारीच बँकेत हयातीचा दाखला देऊन आलो."